कपाटाची किल्ली मागा



भीमजयंतीचा निळा गुलाल अंगणातून झाडला जातो न जातो तोच मुलांच्या वार्षिक परीक्षा येतात, आणि मे महिन्याच्या आरंभी सातारा-सांगलीकडील गावोगावच्या शाळांना जी कुलपे लागतात ती जूनच्या मध्यापर्यंत निघत नाहीत. मुलांना सुटी हवीच. तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. आमची तक्रार त्या कुलपाआड बंद होणाऱ्या एका कपाटाविषयी आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्या आणि खेळाचे सामान यांच्या शेजारी ते उभे असते. त्यात गोष्टींची पुस्तके असतात, चित्रांची असतात, थोरांची चरित्रे असतात. ती शासनाच्या, म्हणजे तुमच्या आमच्या पैशाने घेतलेली असतात. वर्षभर अभ्यासक्रमाच्या घाईत मुलांना ती वाचावयास सवड नसते; आणि ज्या सहा आठवड्यांत सवड असते नेमक्या त्याच सहा आठवड्यांत ती कुलपात असतात! वाळवीला मात्र सुटीची आडकाठी नाही.

हा केवळ पुस्तकप्रेमाचा प्रश्न आहे असे समजू नका. हा हक्काचा प्रश्न आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे असे सांगितले आहे, आणि त्या ग्रंथालयात वर्तमानपत्रे, नियतकालिके व सर्व विषयांवरची पुस्तके असावीत एवढेच म्हणून कायदा थांबलेला नाही. गोष्टींची पुस्तकेदेखील असावीत, हे त्यात स्पष्ट आले आहे. म्हणजे गरिबाच्या मुलाला पाठ्यपुस्तक पुरे, गोष्टी ही श्रीमंतांची चैन, हा जो एक समज आपल्याकडे रूढ आहे तो या देशाच्या कायद्याला मान्य नाही. मग तो आपल्याला का मान्य असावा?

कुलपाचा आणि आमचा संबंध जुना आहे, आणि त्याचे एक प्रकरण साताऱ्यातच घडलेले आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. २०१७ पासून महाराष्ट्र शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या दिवशी भाषणे होतात, मुलांना खाऊ मिळतो. परंतु त्या मुलाचे शाळेतील दिवस कसे गेले हे मुलांना किती ठिकाणी सांगितले जाते? घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर तो वर्गाच्या कोपऱ्यात वेगळा बसत असे, आणि शाळेतील माणूस त्या तुकड्याला शिवत नसल्यामुळे संध्याकाळी तो परत घरी घेऊन जात असे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची त्याला मनाई होती. शिपायाने तोटी सोडावी तेव्हा त्याने प्यावे. आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच घेऊन घरी यावे. नळ होता, नळात पाणी होते, मुलाला तहान होती. मध्ये आडवा होता तो केवळ तोटीला हात लावण्याचा अधिकार.

आजच्या कपाटाची गोष्ट याहून वेगळी आहे, हे आम्ही जाणतो. आजचे गुरुजी कपाट बंद करतात ते बहुतेक ठिकाणी मुलांची जात पाहून नव्हे. पुस्तक हरवले, फाटले तर जडसंग्रह नोंदवहीत जुळणी कशी करावयाची, तपासणीच्या वेळी भरपाई कोणाच्या माथी बसेल, ही त्यांची धास्ती असते, आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु कुलूप कोणत्या हेतूने लावले यावर त्याचा परिणाम अवलंबून नसतो. ज्याच्या घरी पुस्तकांची फळी आहे, ज्याला मामाच्या घरी पुण्यास नेऊन शिबिरात घातले जाते, त्या मुलाला हे कुलूप लागतच नाही. ते लागते शेतमजुराच्या मुलाला. त्याच्या घरात छापील असे जे काही असते ते शिधापत्रिका, विजेचे बिल आणि भिंतीवरचे कॅलेंडर एवढेच.

अमेरिकेत बार्बरा हाइन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या काळ्या व गोऱ्या मुलांचा अभ्यास करून १९७८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, शाळा चालू असते तेव्हा गरीब व सुखवस्तू मुलांमधील अंतर फारसे वाढत नाही. ते वाढते उन्हाळ्याच्या सुटीत. सुटीत जी मुले पुढे गेली त्यांच्या बाबतीत इतर कोणत्याही उद्योगापेक्षा वाचनाचा संबंध अधिक ठळक दिसला, आणि सुटीत मुलांच्या बुद्धीच्या वाढीस सार्वजनिक ग्रंथालयाने जेवढा हातभार लावला तेवढा अन्य कोणत्याही सार्वजनिक संस्थेने लावला नाही. आता हे अटलांटाचे अनुमान आटपाडीस लावताना तारतम्य ठेवले पाहिजे, हे खरे. पण आपल्या गावातील कोणत्याही अनुभवी शिक्षिकेला विचारा. दुसरी-तिसरीतील मूल एप्रिलमध्ये जोडाक्षरे वाचत होते ते जूनमध्ये पुन्हा अडखळते, हे ती तुम्हाला सांगेल. जे मूल सुटीत वाचत राहिले ते अडखळत नाही. ही झीज दर उन्हाळ्याची आहे. आठ-दहा उन्हाळ्यांत ती किती होते याचा हिशेब आपणच करावा, आणि मग दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

माण आणि जत यांसारख्या कोरड्या तालुक्यांतील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलांची स्थिती तर याहून बिकट. गळिताचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि होळी-पाडव्यापर्यंत चालतो. म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष फडात जाते. कोयता खाली ठेवून कुटुंब घरी परतते तेव्हा परीक्षा दाराशी आलेली असते, आणि ती संपताच सुटी. ज्या काळात हे मूल आपल्या गावी, आपल्या घरी स्थिर असते तो काळच शाळा बंद असण्याचा. त्याच्यापुरती सुटी हीच शाळा होय. तिच्यातही पुस्तक नसेल तर मग कधी?

सुटीचा विषय निघालाच आहे तर सातारा जिल्ह्यातील आणखी एक सुटी आठवली पाहिजे. १९०१ चा उन्हाळा. सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. साताऱ्यास राहिलेली मुले सुटीत वडिलांकडे निघाली. नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, आगगाडीचा पहिलाच प्रवास. मुले मसूर स्थानकावर उतरली, पण त्यांचे पत्र वडिलांना मिळालेलेच नव्हते. घ्यावयास कोणी आलेले नव्हते. स्टेशनमास्तरांनी जात विचारली, मुलांनी ती निरागसपणे सांगितली, आणि त्यांचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. अखेर एक जण तयार झाला तो या अटीवर की, गाडी मुलांनी हाकावी आणि आपण बाजूने चालू. शिदोरी बरोबर होती. पाणी मिळाले नाही. टोलनाक्यावर जात लपवूनही पाणी मिळाले नाही. सारी रात्र त्या लेकरांनी तहानेत काढली. बाबासाहेबांनी पुढे १९३५-३६ च्या सुमारास या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये त्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केल्या. मराठीतही त्या उपलब्ध आहेत. पुस्तिका इतकी लहान की पाचवी-सहावीतील मूल दोन दुपारींत ती वाचून संपवील. आपल्या घरात ती आहे काय? नसेल तर का नाही, याचे उत्तर शासनाकडे मागता येणार नाही.

म्हणून आता घराकडे वळू. परक्याचे दोष मोजून झाल्यावर आपल्या दारात यावे, ही रीत आम्हाला बाबासाहेबांनीच लावली आहे.

ज्यांनी नुकती धम्मदीक्षा घेतली आहे अशा कुटुंबांत एक गोष्ट सर्रास दिसते. घरातील देव्हारा गेला. त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा आली, हे योग्यच झाले. प्रतिमेशेजारी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आला, हेही योग्य. परंतु तो ग्रंथ पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेला असतो, त्याला फूल वाहिले जाते, उदबत्ती ओवाळली जाते, आणि लहान मुलाने हात लावला तर मोठ्याने दटावले जाते! मग पोथी गेली कोठे? ती फळीवरच राहिली. केवळ तिचे नाव बदलले. कालामांना उपदेश करताना तथागतांनी ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका असे बजावले. आणि आम्ही तर ग्रंथात काय लिहिले आहे हेही पाहावयास तयार नाही. वर्षावासात विहारात या ग्रंथाचे वाचन होते, ही चांगली प्रथा आहे. पण तेथे वाचणारा एक असतो आणि ऐकणारे पन्नास. ऐकणे ही आमची शेकडो वर्षांची सवय. दुसऱ्याने वाचावे आणि आम्ही माना डोलवाव्यात. मुलाच्या बोटाला पानाचा स्पर्श झाल्याशिवाय ती सवय तुटणार नाही. वस्त्र सोडा. पान मळले तर मळू द्या. मळलेला ग्रंथ ही घराची शोभा आहे.

दुसरी गोष्ट जयंतीची. वर्गणी किती जमते आणि तिच्यातील किती रक्कम ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर जाते, हे प्रत्येक वस्तीतील मंडळाने आपल्या वहीत पाहावे. येथे आकडे छापून कोणाला लाजविण्याची आमची इच्छा नाही. कित्येक महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यास करण्याचा उपक्रम होतो. तो स्तुत्य आहे. मात्र वर्षातून एक दिवस अठरा तास वाचणाऱ्याहून रोज अर्धा तास वाचणारे मूल आम्हाला अधिक आशादायक वाटते. कारण पहिल्याचे छायाचित्र निघते आणि दुसऱ्याचे डोके तयार होते. मुंबईच्या कार्यकर्त्यांनी हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा अशी हाक दिली आणि लोकांनी ती उचलली. त्या वहीपेनाला एक गोष्टीचे पुस्तक जोडणे अशक्य आहे काय?

आणि जून महिन्यात होणारे ते गुणगौरव समारंभ! दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना शाल, गुलाबपुष्प आणि चकचकीत ट्रॉफी. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत असाच सत्कार झाला होता. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या तरुणाच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या या मुलाला त्यांनी आधीच हेरलेले होते. त्या एका पुस्तकात १४ ऑक्टोबर १९५६ चे सारे बीज होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ते पुस्तक आपल्या मनावर किती ठसले हे स्वतः बाबासाहेबांनीच नमूद करून ठेवले आहे. केळुसकरांनी त्या दिवशी ट्रॉफी दिली असती तर?

पुस्तके घेण्यास पैसा कोठून आणावा, असा प्रश्न अनेक जण करतील, आणि तो खोटा नाही. सुभेदार रामजींनाही तो पडत असे. निवृत्तिवेतन संपलेले, मुलाला पुस्तक हवे. अशा वेळी ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, पैसे नसतील तर दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पुढच्या महिन्यात सोडवून परत करीत. आम्ही कोणाला दागिने गहाण ठेवा असे सांगत नाही. आज त्याची गरजही नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तके स्वस्त आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. वाईला ज्याचे कार्यालय आहे तो मराठी विश्वकोशही तसाच विनामूल्य खुला आहे. ज्या मोबाईलला आपण सकाळ-संध्याकाळ शिव्या देतो त्याच्यातच हे सारे आहे.

मोबाईलबद्दल बोलताना कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे गाव विसरता येत नाही. टाळेबंदीच्या काळात मुलांच्या हाती शिक्षणासाठी फोन आले ते शाळा उघडल्यावरही सुटेनात. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या दिवसांत, त्या गावाने ठराव केला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो. घरोघरचे दूरदर्शन व मोबाईल बंद होतात. दीड तास मुले वाचतात, लिहितात. साडेआठला पुन्हा भोंगा. आरंभी लोक हसले, मग अंगवळणी पडले, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. त्या गावाने हा भोंगा देवळावर लावला याचा आम्हाला मत्सर वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे संध्याकाळची बुद्धवंदना आहे. वंदना संपल्यावर मुले घराकडे पळतात त्याऐवजी एक तास तेथेच वाचीत बसली तर विहाराचे काय बिघडेल? तेवढा वेळ मोठ्यांनीही गप्पा आवराव्यात. बाप फोनवर चित्रफिती पाहत बसणार आणि मुलाला वाच म्हणून ओरडणार, हे चालणार नाही; मूल ऐकत नाही, पाहते.

मुलींविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. सुटी मुलग्याची असते, मुलीची नसते. शाळा बंद झाली की धाकट्या भावंडाला कडेवर घेणे, टँकरच्या रांगेत घागर धरणे, लग्नसराईत पोळ्या लाटणे ही कामे तिच्याकडे येतात, आणि ती करताना तिच्या हाती पुस्तक दिसले तर कामचुकार म्हणून तिची संभावना होते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण घरातील प्रत्येक कर्त्या पुरुषाने ध्यानात घ्यावे. त्या छोटेसे दुकान चालवीत. माल बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील वर्तमानपत्रे गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या वाचीत. पुढे त्या लिहू लागल्या ते घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून वह्या लपवून, आणि तेही वर्षानुवर्षे. ते लेखन १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपाने आले तेव्हा महाराष्ट्राला एक थोर लेखिका गवसली. रद्दीवर जी बाई एवढी वाढली तिला पुस्तके मिळती तर ती कोठे गेली असती? आपल्या धर्मांतरित घरातही मुलीने वाचन लपवून करावे लागत असेल तर बावीस प्रतिज्ञांचा आपण काय अर्थ लावला, हे ज्याचे त्याने पाहावे. शांताबाई कांबळे यांनी शिक्षिकेची नोकरी केली, जत तालुक्यात त्या शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या, आणि ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ लिहून गेल्या. या दोन्ही पुस्तकांतली भाषा आपल्या आजीची आहे. नातीने ती आजीपुढे मोठ्याने वाचावीत. आजीला अक्षर येत नसेल, पण ती मध्येच थांबवून म्हणेल की आमच्या गावात हे असे नव्हते, असे होते. ते नातीने वहीत उतरवून घ्यावे. सुटीतला याहून चांगला स्वाध्याय कोणती शाळा देईल?

आमच्या या दोन जिल्ह्यांना वाचणाऱ्या माणसांची उणीव कधीच नव्हती. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातील नायगावच्या. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव खटावमधील कटगुण. आटपाडीच्या एका गावकामगाराच्या घरात शंकरराव खरात जन्मले. ते वकील झाले, ‘प्रबुद्ध भारत’चे संपादक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत गेले ते अवघे दीड दिवस. अक्षरे त्यांनी मुंबईत दुकानांच्या पाट्यांवरून आणि भिंतींवरील जाहिरातींवरून जुळविली, आणि १९५९ साली जी ‘फकिरा’ लिहिली ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. या कथा सभांतून नेहमी सांगितल्या जातात, आणि सांगताना वक्ते एक घोटाळा करतात: पुस्तकाशिवायही माणूस मोठा होतो, असा त्यांचा सूर लागतो. हे साफ चुकीचे आहे. पाट्या वाचून एक अण्णा भाऊ झाला. पाट्याच वाचत राहिल्यामुळे किती जण होता होता राहिले त्यांची नावे कोणी ठेवली नाहीत.

मुलांनी काय वाचावे? या बाबतीत आमचे मत काही बांधवांना रुचणार नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती जाडजूड चळवळीचा ग्रंथ देऊन त्याला वाचनाचा कंटाळा आणू नका. त्याला राक्षसाची गोष्ट हवी असेल तर राक्षसाची द्या, फास्टर फेणे हवा असेल तर फास्टर फेणे द्या. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये देवळे आहेत, सोवळे-ओवळे आहे, म्हणून ती घरात नको असे म्हणणारे आम्हास भेटतात. त्यांनी हे विसरू नये की पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषणास बसले ते हेच साने गुरुजी. मूल वाचील, विचारील, की सोवळे म्हणजे काय? तेव्हा आपण सांगावे. प्रश्न विचारणारे मूल हवे म्हणूनच तर आपण हा धम्म घेतला. पुस्तकांवर बंदी घालण्याचे काम दुसऱ्यांनी पुष्कळ केले आहे; आपण त्या रांगेत उभे राहू नये.

भिलारची थोडी हकीकत सांगतो. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधल्या या स्ट्रॉबेरीच्या गावाला ४ मे २०१७ रोजी शासनाने पुस्तकांचे गाव केले. वेल्समधील हे-ऑन-वाय या ग्रंथनगरीवरून ती कल्पना घेतलेली. गावकऱ्यांनी घरे, ओसऱ्या, लॉजच्या खोल्या दिल्या. विषयवार पुस्तके मांडली. कोणीही यावे, बसावे, फुकट वाचावे. सुटीत तेथे मोटारींची रीघ लागते. ते आपल्याच जिल्ह्यात आहे, एस.टी.ने एक दिवस मुलांना घेऊन जावे. एवढेच, की भिलार पाहून आलेल्या मुलाला आपल्या वस्तीत परतल्यावर पुन्हा कॅलेंडरच वाचावे लागू नये.

त्यासाठी एक पत्र्याची पेटी पुरते. विहारात नाहीतर समाजमंदिरात ठेवावी. चाळीस-पन्नास पुस्तके, एक वही, वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल. वही सातवी-आठवीतील मुलीकडे द्यावी. मोठ्यांकडे दिली की पेटीचे पदाधिकारी निर्माण होतात आणि अध्यक्षपदावरून भांडणे लागतात. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली तेव्हा वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हेही तिच्या उद्दिष्टांत होते. मुंबईत मोफत वाचनालय निघाले, आणि विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालविले. महाडला तळ्याचे पाणी घेतले ते त्यानंतर तीन वर्षांनी. अमेरिकेत २७ मार्च १९६१ रोजी टुगालू महाविद्यालयातील नऊ काळे विद्यार्थी मिसिसिपीतील जॅक्सन शहराच्या गोऱ्यांसाठी राखीव ग्रंथालयात जाऊन शांतपणे वाचीत बसले, आणि एवढ्याच अपराधासाठी त्यांना अटक झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात त्याच राज्यात चळवळीच्या तरुणांनी दान आलेल्या पुस्तकांवर ठिकठिकाणी स्वातंत्र्य-ग्रंथालये उभारली. उन्हाळाच त्यांनी निवडला होता.

ज्या गावात शासनमान्य ग्रंथालय आहे तेथे पेटीवर संतुष्ट राहू नये. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली त्याला अनुदान मिळते. राज्याच्या पैशावर पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागेत जातीवरून मज्जाव करता येत नाही, असे संविधानाचे पंधरावे कलम सांगते. तेथे जाऊन मुलांची नावे नोंदवा. दार बंद असेल, फक्त फलक लटकत असेल, तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तके २०१९ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्याने भिजून नासली, आणि सारे शहर हळहळले. तो पूर निसर्गाचा होता. गावातल्या बंद दाराआड पुस्तके धूळ खातात, तो निसर्ग नव्हे.

राहिले शाळेचे कपाट. त्याचा मार्ग कायद्यानेच दिला आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित गटांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या वस्तीतील कोणी त्या समितीवर आहे काय, हे प्रथम शोधा. बहुधा असते, आणि तिची केवळ सही घेतली जाते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात समितीची बैठक मागावी. तिच्यापुढे असा अर्ज ठेवावा की, सुटीत आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दोन तास ग्रंथालयाचे कपाट उघडे राहावे. पुस्तके नोंद करून घरी न्यावयास मिळावीत. वापरात फाटलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षकांच्या पगारातून होऊ नये, असा ठराव समितीने करावा. या शेवटच्या मागणीने गुरुजींची धास्ती जाईल आणि ते आपल्या बाजूला येतील. अर्ज दोन प्रतींत लिहावा, एका प्रतीवर तारीख घालून पोच घ्यावी. सुटीत किल्ली कोणाकडे राहावयाची हे त्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्यावे. आणि ते नाव शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या आईचे असल्यास उत्तम.